सप्रेम भेटीखालची तारीख

बाईंचे किस्से जळगावात अजून सांगतात. निवृत्तीचा समारंभ असो की कुणाच्या मुलीचं लग्न, चार शिक्षक जमले की कुणीतरी बाईंची नक्कल करतो. गळ्यात नसलेलं भिंग हातात धरतो, समोरची सरबताची बाटली उलटी करतो, डोळे बारीक करतो, आणि मंडळी पोट धरून हसतात. मी तिथून उठून जाते. लोकांना वाटतं, ही बाईंची लाडकी होती, हिला वाईट वाटतं. लाडकी-बिडकी मी नव्हते. बाईंना लाड करताच येत नसत. मला राग येतो तो वेगळाच. जी बाई उभा जन्म संतापात जगली, आणि जिच्या संतापाला कारण होतं, तिचा या लोकांनी विनोद करून टाकला. नक्कल करणाऱ्यांतले दोघे तर त्या दिवशी यावलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी हजर होते. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी हसतात.

आम्ही दोघी जळगावच्या एका मुलींच्या शाळेत होतो. त्या गृहविज्ञान शिकवत, मी नव्यानं लागलेली मराठीची शिक्षिका. सगळी शाळा त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. बाकीच्या बायांना नावं होती, यांना नाव लागत नव्हतं. उंच, हाडं दिसणारा बांधा, इस्त्री केलेली सुती साडी, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी काळ्या गोफात अडकवलेलं भिंग. लग्न केलेलं नव्हतं. केसात एक जाड आकडा असे, तो केसांसाठी कमी आणि डब्यावरच्या चिठ्ठ्या खरवडण्यासाठी जास्त वापरला जाई.

माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत बिस्किटांचे पुडे आणले. बाईंनी पुडा उचलला, भिंग लावलं आणि मला विचारलं, यावरचं काय वाचून घेतलंस? मी म्हटलं, किंमत. बाई म्हणाल्या, "किंमत सगळेच वाचतात. खाली काय लिहिलंय?" खाली इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, माल पाकिटात भरल्याचा महिना होता आणि त्यापासून किती महिन्यांत खाल्लेलं उत्तम तेही होतं. ते महिने उलटून गेले होते. माझा चेहरा पडला. मला वाटलं, आता पुडे कचऱ्यात जाणार. तर बाईंनी पुडा फोडला, चहात बुडवून बिस्किटं खाल्ली आणि म्हणाल्या, "मऊ पडलीत. दुकानदाराला जाऊन सांग, मऊ पडलीत. पण यानं कुणी मरत नाही."

हे नक्कल करणाऱ्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, बाई तारीख गेलेलं सगळंच फेकायला लावायच्या. बाई तसल्या बावळट नव्हत्या. त्यांच्या मते तारखा दोन प्रकारच्या. एक चवीची. ती उलटली की बिस्किट मऊ पडतं, मसाल्याचा वास उडतो, शेवया जुनाट लागतात. खायचं की नाही हे नाकानं आणि जिभेनं ठरवावं. दुसरी जिवाची. औषधाची, सलाईनची, तान्ह्या मुलाच्या दुधाच्या भुकटीची. ती उलटली की वाद नाही, वास घेणं नाही, टाकून द्यायचं. या दोन तारखांतला फरक ज्या बाईला कळला तिला अर्धं गृहविज्ञान आलं, असं त्या वर्गात सांगत. उरलेलं अर्धं म्हणजे अभ्यासक्रमातलं भरतकाम. ते त्या शेवटच्या महिन्यात घाईघाईनं उरकत आणि मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, बोलणी खात.

ऐंशी-नव्वदच्या मधली ती वर्षं. तोवर आमच्याकडे बहुतेक माल सुटाच यायचा. बाया डाळ तळहातावर घेऊन बघत, शेंगदाणा दाताखाली फोडत, तुपाचा वास घेत, आणि नाही पटलं तर दुकानदाराला तोंडावर सांगत. मग पाकिटं आली, डबे आले. बंद आहे म्हणजे चांगलं आहे, अशी सगळ्यांची समजूत झाली. बाई म्हणत, "पाकीट आलं आणि बायांचं नाक गेलं." एकदा एका मुलीनं वर्गात विचारलं, मग घरच्या लोणच्यावर तारीख का नसते? बाईंना प्रश्न फार आवडला. त्या म्हणाल्या, लोणचं बिघडलं तर कुणाला धरायचं ते आपल्याला ठाऊक असतं, ती बाई घरातच असते. कारखान्यातला माणूस आपल्याला कधी दिसणार नाही. म्हणून त्यानं तारीख लिहून द्यायची. तो त्याचा शब्द आहे.

आणि हा शब्द कुणी झाकला, खोडला, की बाईंचा तोल जायचा.

शाळेजवळच्या किराणा दुकानातली गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. दुकानदारानं शेवयांच्या पाकिटांवर नव्या किमतीच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या, नेमक्या तारखेवर. संध्याकाळची गर्दी. बाईंनी आकडा काढला आणि तिथेच उभ्या राहून चिठ्ठी खरवडायला सुरुवात केली. दुकानदार हसत म्हणाला, बाई, शेवया कुठं खराब होतात? बाईंनी विचारलं, मग झाकलं कशाला? तो म्हणाला, चिठ्ठी लावायला दुसरी जागा नव्हती. बाईंनी पाकीट उलटं केलं. मागची अख्खी बाजू कोरी.

"ही बाजू काय भाड्यानं दिलीय का?"

गर्दीतल्या बाया हसल्या. त्यावर तो चिडला आणि म्हणाला, घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढचं दुकान बघा. मग बाईंची शाळेतली मराठी संपली आणि धुळ्याकडच्या गावची बोली आली. राग आला की त्यांचं असंच व्हायचं. "तुले वाचता येस ना, भाऊ? मंग बठ्ठास्नामोरे वाच, काय लिखेल शे." त्यानं सगळ्यांसमोर वाचलं नाही. बाईही हलल्या नाहीत. दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत त्या फळीला टेकून उभ्या होत्या, येणाऱ्या प्रत्येक बाईला पाकिटाची मागची बाजू दाखवत. दुसऱ्या दिवशी त्या शेवया दुकानात नव्हत्या. कुठे गेल्या, हे बाईंनी शोधून काढलं. त्या बाजाराच्या दिवशी खेड्यावर जाणाऱ्या फेरीवाल्याकडे गेल्या होत्या. बाईंचा खरा संताप तेव्हा सुरू झाला. शहरात नाकारलेला माल खेड्यात जातो, खेड्यात नाकारलेला डोंगरात जातो, आणि डोंगराच्या पुढे कुणी नाहीच, म्हणून तो तिथे खाल्ला जातो. हे त्या कुणालाही, कधीही, अगदी सांत्वनाला आलेल्या माणसालासुद्धा ऐकवत.

शाळेत या रागाचं कारण शोधायचा सगळ्यांना छंद होता. कुणी म्हणे, यांची धाकटी बहीण जुन्या औषधानं गेली. कुणी म्हणे, लग्न ठरलेला मुलगा विषबाधेनं गेला. प्रत्येकाकडे एक मेलेलं माणूस तयार होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत एका शिक्षिकेनं धीर करून सहानुभूतीनं विचारलंच, बाई, तुमचं कोण गेलं हो? बाईंनी पोळीचा घास खाली ठेवला.

"माझं कुणीही गेलेलं नाही. आईवडील म्हातारे होऊन गेले, भाऊ धुळ्यात धडधाकट आहे. घरचं कुणी मेल्यावरच माणसाला राग यावा, असा नियम आहे का?"

बाईंनी घास उचलला आणि जेवण पूर्ण केलं. इतक्या वर्षांत मी ऐकलेल्या वाक्यांत हे वाक्य मला सगळ्यांत खरं वाटतं, आणि ते मात्र कुठल्याच नकलेत नसतं.

सहामाहीच्या पेपरात त्यांनी एक प्रश्न घातला होता. दुधाच्या भुकटीच्या डब्यावरची तारीख उलटून गेली आहे, डबा बंद आहे, घरात तान्हं मूल आहे. आईनं काय करावं? मुलींनी टाकून द्यावा, दुकानात परत करावा असं लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, 'आई तो डबा कामवाल्या बाईला देईल.' मोठ्या बाईंना वाटलं, या मुलीला शून्य मिळणार. बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, काय करावं ते बाकीच्यांनी लिहिलं, काय होतं ते हिनं लिहिलं.

आता शिबिराचं सांगते.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष मोठे व्यापारी होते. खाण्यापिण्याच्या मालाच्या एजन्सी त्यांच्याकडे होत्या, जिल्ह्यातल्या कितीतरी दुकानांना त्यांच्याच गोदामातून माल जाई. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना आवाज कधी चढवत नसत. कुणाचंही काम असो, 'बघू, करू' म्हणत आणि खरंच करत. मी त्यांना वाईट माणूस समजत नव्हते. अजूनही कधीकधी मला वाटतं की ते स्वतःलाही वाईट समजत नसावेत, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

हिवाळ्यात नानांनी यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात बालकांसाठी शिबिर ठरवलं. डॉक्टर येणार, मुलांची तपासणी होणार, तान्ह्या मुलांच्या आयांना दुधाच्या भुकटीचे डबे वाटले जाणार. वाटायला आम्ही शिक्षिका, सोबत दोन शिक्षक. सकाळी बसनं निघालो. यावलपर्यंत दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, थंडगार सावली, पाटाचं पाणी. पुढे बागा संपल्या, रस्ता तांबडा झाला आणि डोंगर समोर आला. गावाबाहेर मांडव घातला होता. बाया पाड्यांवरून पहाटेच निघून आलेल्या. मुलं झोळीत बांधलेली, कुणाची मांडीवर, कुणाची पाठीवर. मुलं रडत नव्हती, हे मला पहिल्यांदा जाणवलं. रडायला लागणारी ताकदच त्यांच्यात नव्हती.

व्यासपीठावर नाना, तालुक्याचे एक साहेब, मोठ्या बाई, आणि कडेला नानांची सून. तिच्या मांडीवर नानांचा नातू, गुटगुटीत, लोकरीच्या टोपीतला. भाषणं चालू होती. मांडवाच्या मागे आम्ही खोकी फोडून डबे रचत होतो. बाईंनी सवयीनं डबा उलटा केला. बुडाशी एक गोल चिठ्ठी होती, 'सप्रेम भेट', खाली नानांचं आणि एजन्सीचं नाव. बाईंनी दुसरा डबा उलटा केला. तिसरा केला. सगळ्या चिठ्ठ्या बुडाशीच.

बाई मला म्हणाल्या, "नाव मिरवायचं तर माणूस डब्याच्या पोटावर लावतो. हे बुडाशी का?"

त्यांनी तांब्यातलं पाणी चिठ्ठीवर ओतलं, अंगठ्यानं घासलं. कागद सुटला. खाली पत्र्यात ठोकलेली तारीख होती. मागच्या पावसाळ्याच्या आधीच संपलेली. बाईंनी भिंग लावून पुन्हा वाचली. मग खाली मातीत बसून एकामागून एक डबे भिजवत, घासत गेल्या. मीही बसले. सगळ्यांची गत तीच.

"बठ्ठा जुना शेतस," त्या एवढंच म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मी त्यांना त्या बोलीत हळू बोलताना प्रथमच ऐकत होते.

तोवर मोठ्या बाई व्यासपीठावरून उतरून मागे आल्या होत्या. बाईंनी त्यांना डबा दाखवला. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, कार्यक्रम संपू द्या, मग नानांशी बोलू. बाई म्हणाल्या, कार्यक्रम संपेल तेव्हा डबे पाड्यावर पोचलेले असतील. मोठ्या बाईंनी त्यांचा दंड धरला. बाईंनी तो सोडवून घेतला आणि मला एक डबा उघडायला सांगितला. मी चमच्याच्या टोकानं झाकण काढलं. आत भुकटी नव्हती, पिवळट ढेकळं होती, आणि जुन्या तेलासारखा खवट वास आला.

तो उघडा डबा घेऊन बाई मांडवातून सरळ चालत गेल्या. साहेबांचं भाषण चालू होतं, ते थांबलं. बाई व्यासपीठावर चढल्या आणि डबा नानांच्या समोर, हारांच्या बाजूला ठेवला. ध्वनिक्षेपक चालू होता, म्हणून पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाना, यातलं दूध कालवून तुमच्या नातवाला पाजा. इथे, सगळ्यांच्या देखत. मग मी वाटायला घेते."

नानांनी डब्यात पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि हसले. ते शांतपणे म्हणाले की कंपन्या तारीख हातचं राखून टाकतात, तारखेनंतरही माल चांगला असतो. मग म्हणाले, "आणि बाई, या लोकांना एरवी एवढं तरी कुठं मिळतं?"

बाई म्हणाल्या, "चांगला असतो ना? मग पाजा."

तेवढ्यात नानांच्या सुनेनं काय करावं? त्या बिचारीला यातलं काही ठाऊक नसणार. तिनं फक्त मुलाला उचललं, छातीशी घेतलं आणि त्याच्यावरून पदर ओढला. खुर्ची थोडी मागे सरकवली. बस. पण समोर बसलेल्या सगळ्या बाया तिच्याकडेच बघत होत्या. इंग्रजी सोडा, त्यांना मराठी अक्षरसुद्धा येत नव्हतं. त्या पदराचा अर्थ मात्र एकीलाही सांगावा लागला नाही. सुरुवातीलाच फोटोसाठी नानांनी पुढच्या रांगेतल्या काही जणींना डबे दिले होते. त्यांनी ते खाली ठेवले. एक ठेवते म्हणून दुसरीनं ठेवला. एका म्हातारीनं मला हळूच विचारलं, आतलं ओतून देते, डबा नेऊ का, मीठ ठेवायला होईल. मी हो म्हटलं.

इथं गोष्ट संपली असती तर बाई जिंकल्या असं सांगता आलं असतं. पण एका आईनं डबा खाली ठेवला नाही. वयानं लहान, जेमतेम विशीची. तिच्या झोळीतलं मूल म्हणजे नुसतं डोकं आणि डोळे. बाई तिच्यापाशी गेल्या, समजावू लागल्या, हे विष आहे, याला पाजू नको. ती ऐकेना. बाईंनी डब्याला हात लावला तशी तिनं तो पोटाशी धरला. घरी तिची बोली वेगळी असणार, पण आमच्याशी ती बाईंच्याच खान्देशी बोलीत बोलली.

"मना अंगवर दूध नही. हाई नको पाजू, मंग याले काय पाजू?"

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, दुकानदार, शिक्षणाधिकारी, कुणालाही त्या उत्तर द्यायच्या. त्या मुलीपुढे त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग अशा काही वळल्या की मला वाटलं, या आता नानांवर हात टाकतात. पण त्यांनी हात पुढे करून नानांकडे जीप मागितली. म्हणाल्या, यावलला औषधाच्या दुकानात ताजे डबे मिळतील, मी घेऊन येते. ड्रायव्हरनं नानांकडे पाहिलं. नानांनी साहेबांकडे पाहिलं. इतक्या लोकांत ते नाही कसं म्हणणार? "न्या की, न्या," ते हसत म्हणाले. हे 'न्या की' मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मी बरोबर गेले. यावलच्या दुकानात बाईंनी असतील नसतील तेवढे डबे बाहेर काढायला लावले. प्रत्येक डबा उलटा करून बघितला, काही मुदत संपत आलेले बाजूला सारले आणि दुकानदाराला म्हणाल्या, नानांच्या नावावर लिहा. दुकानदारानं बाहेर उभी जीप बघितली आणि लिहिलं. परतीच्या वाटेवर डबे आमच्या मांडीवर, पायाशी, सीटवर होते. बाई डबे पुन्हा पुन्हा मोजत होत्या. मोजता मोजता म्हणाल्या, "ती विचारते ते बरोबर आहे."

सगळ्यांना पुरतील इतके डबे नव्हतेच. सगळ्यांत अशक्त मुलं डॉक्टरांनी निवडली, त्यांच्या आयांना बाईंनी स्वतः बसवून शिकवलं. त्यांत ती विशीची मुलगीही होती, नवा डबा हातात पडल्यावरच तिनं जुना सोडला. पाणी उकळायचं कसं, भुकटी किती, उरलेलं दूध पुन्हा का पाजायचं नाही. पाणी जास्त घालून डबा पुरवू नका, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि पुन्हा पुन्हा त्यांच्या लक्षात येत होतं की या बाया पुरवणारच. ज्यांना डबा मिळाला नाही त्या बायांनी आम्हाला शिव्या घातल्या. बाई खाली मान घालून ऐकत होत्या.

निघण्याआधी त्यांनी मांडवाचा एक खिळा आणि दगड घेतला आणि उरलेल्या प्रत्येक जुन्या डब्याला भोक पाडलं, म्हणजे ते पुन्हा कुठे विकायला जाणार नाहीत. नक्कल करणारे दोघे बसमध्ये बसून खिडकीतून बघत होते. मदतीला उतरले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात गावातल्या एका वर्तमानपत्रात शिबिराचा फोटो आला. नाना एका आईच्या हातात डबा देत आहेत. मथळा, शिबिर उत्साहात संपन्न. आणि बाईंच्या हातात नोटीस पडली. संस्थेच्या कार्यक्रमात व्यत्यय, अध्यक्षांचा अपमान, विनापरवानगी वाहन नेलं, मालाची नासधूस केली. शिळ्या दुधाचा त्यात उल्लेख नव्हता. चौकशीला तीन माणसं बसली, तिघंही नानांकडे चहाला जाणारी. मला बोलावलं. जे पाहिलं आणि ऐकलं ते मी सगळं सांगितलं, 'न्या की'सुद्धा. त्यांनी मान हलवली. ते काही लिहून घेतलेलं मला दिसलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, त्या व्यासपीठामागे होत्या, त्यांना काही दिसलं नाही. आणि चौकशी चालू असताना नाना मला शाळेच्या फाटकाशी भेटले तेव्हा आपुलकीनं म्हणाले, बाईंना समजाव, दोन ओळी लिहून द्या म्हणावं, गैरसमजातून झालं. मी विषय मिटवतो.

मी बाईंना ते सांगितलं, कारण निरोप पोचवणं मला भाग वाटलं. बाई म्हणाल्या, "गैरसमज माझा झालेला नाही. तारीख वाचता येणाऱ्या माणसाचा गैरसमज कसा होईल?" त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या, पण त्या राजीनाम्याच्या होत्या. शाळेनं निरोप समारंभ केला नाही. मुली मात्र फाटकाबाहेर जमल्या होत्या. बाईंनी त्यांना वर्गात जायला सांगितलं, तास बुडवल्याबद्दल रागावल्या आणि रिक्षात बसल्या.

त्या धुळ्याला भावाकडे गेल्या, देवपुरात. पुढे बरीच वर्षं आमची गाठ पडली नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका प्रशिक्षणासाठी मी धुळ्याला गेले, तेव्हा दुपारी पांझरा नदीचा पूल ओलांडून त्यांचं घर शोधलं. बाई बारीक झाल्या होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. भावाची सून चहा ठेवून गेली. बाईंनी जळगावचं, शाळेचं काही विचारलं नाही. नाना नंतर वारले होते, मोठा मांडव घालून तेरावं झालं होतं. मी ते सांगितलं. त्या 'हं' म्हणाल्या.

मग मी विचारलं, इतकं करून काय झालं असं कधी वाटतं का? मला वाटलं होतं, चिडतील. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या की नोकरी सोडल्यावर दोन वर्षांनी त्या एकट्याच एसटीनं त्या गावाला गेल्या होत्या. यावलला गाडी बदलली, पुढे पायी. पाड्यावर विचारत विचारत ती मुलगी शोधून काढली. तिनं बाईंना ओळखलं. तिचा मुलगा बकऱ्यांमागे धावत होता.

"मला वाटलं, डब्यानं जगला," बाई म्हणाल्या. "विचारलं तर ती म्हणाली, तो डबा तर लगेच संपला. मग शेजारणीला तेव्हा मूल झालं होतं, तिनं आपल्या मुलाबरोबर यालाही पाजलं. माझं त्यात काही नाही." त्यांनी चहाची कपबशी बाजूला सरकवली. "म्हणजे माझ्यामुळे तो जगला नाही. पण नानांच्या डब्यानं मेला नाही. तेवढंच माझ्या हातात होतं."

आणि मग त्यांचा आवाज चढला. त्या पाड्यावर त्या वर्षीही कुणीतरी काहीतरी वाटून गेलं होतं. खोकल्याच्या बाटल्या. लेबलं फाडलेल्या. बाईंनी पाड्यावर घरोघर फिरून त्या गोळा केल्या आणि ओतून दिल्या होत्या. त्यावर बाया भांडल्या होत्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या जात होत्या, आणि दर हिवाळ्यात काहीतरी आलेलं असे. "नाना गेले म्हणतेस. गोदाम गेलं का?"

गोदाम नानांचा मुलगा चालवत होता, पहिल्यापेक्षा मोठं.

बाई उठल्या, चपला शोधू लागल्या. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, त्या पायानं चाचपडत होत्या. मी विचारलं, कुठे निघालात? कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काल भावाच्या नातवाला जे पाकीट दिलं, त्यावर डकवलेला कागद अजून ओलसर लागत होता. त्याखाली काय आहे ते त्यांना वाचता आलं नव्हतं, आणि घरातल्या कुणी वाचून दाखवलं नव्हतं. सगळे म्हणत होते, बाई, जाऊ द्या ना.

"तुझे डोळे चांगले आहेत ना अजून?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग चल. दुपारचा तो दुकान ओढून झोपतो. त्याच्या आत गाठायचा."

बाहेर ऊन रणरणत होतं. माझा हात धरायला त्यांनी नकार दिला आणि पाकीट पदराखाली घेऊन माझ्यापुढे चालू लागल्या.